सकाळी कापलेली मुळं

आमच्या आबांना विचारल्याशिवाय कांद्याच्या मुळातली एकही पेशी दुभंगत नसे, हे मी आजही शपथेवर सांगेन. आबा म्हणजे जळगावच्या आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेचे परिचर. मी तिथे शिकवायचो. पण मी फळ्यावर काढलेलं पेशीविभाजन मुलांना काचेखाली खरोखर दिसायचं ते आबांच्या अंगठ्यामुळे. पाण्याने काठोकाठ भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर ते कांदे बसवत, आणि मुळं फुटेपर्यंत त्या खिडकीजवळ कोणाला मोठ्याने बोलू देत नसत. एकदा प्राचार्य पाहणीला आले आणि खिडकीशी उभे राहून कोणाला तरी झापू लागले. आबांनी ओठांवर बोट ठेवलं. प्राचार्य चवड्यांवर चालत बाहेर गेले.

मुळं कापायची ती सकाळीच, हा त्यांचा धर्म. ऊन चढलं की पेशी आळसावतात म्हणत, आणि आमच्या उन्हापुढे माणूसही टिकत नाही. उजाडताच सायकलवर येऊन मुळाचं टोक तेवढं ब्लेडने उडवायचं आणि औषधाच्या बाटलीत टाकायचं, म्हणजे पेशी ज्या अवस्थेत असेल तिथेच थबकते. बाटलीला स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी. मग रंग, वर काच, आणि त्या काचेवर अंगठा असा दाबायचा की पेशी पसरतील पण काच तडकणार नाही.

आबा मूळ पारोळ्याचे, वाटण्यांची भांडणं पाहत वाढलेले, त्यामुळे सगळं भाऊबंदकीतून समजावत. वाटणीआधी पेशी घरातली प्रत्येक वस्तू दुप्पट करून ठेवते, मग वाटते. आपल्यात अशी रीत असती तर कोर्टं ओस पडली असती. झाडांचे भाऊ वाटणी झाली की मधोमध भिंत घालतात. प्राण्यांचे कंबर आवळत आवळत वेगळे होतात. परागकणाच्या पेशीला मात्र निम्माच वाटा, कारण उरलेला निम्मा सोयऱ्यांकडून यायचा असतो. मुली खुदकन हसत, आणि पेपरात बरोबर उत्तर लिहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी आबा पुतणीच्या लग्नाला गेले होते. त्यांनी तयार ठेवलेली मुळांची बाटली माझ्या हातून फुटली. घाबरून मी भर दुपारी नवी मुळं कापली, दुसऱ्या बाटलीत भरली आणि आबांचीच चिठ्ठी काढून तिच्यावर डिंकाने चिकटवली. दुसऱ्या दिवशी एकाही काचेत विभाजन दिसेना; सगळ्या पेशी जेवून आडव्या झाल्यासारख्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ही मुळं कोणाची? मी बाटलीवरच्या अक्षराकडे बोट दाखवलं. आबांची रवानगी ग्रंथालयात झाली. निवृत्तीपर्यंत त्यांनी पुस्तकांवरची धूळ झटकली आणि मी त्यांना रोज नमस्कार करत राहिलो.

यंदा नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला मला बोलावलं. मी एकच अट घातली, आबा हवेत. ते आले पारोळ्याहून, इस्त्रीची टोपी आणि पिशवीत एक बाटली घेऊन. मी माइक हातात घेतला आणि बाटली कोणी फोडली, मुळं किती वाजता कापली, चिठ्ठी कोणी लावली, सगळं सांगितलं. आबा जागेवरूनच म्हणाले, "माले माहीत व्हतं, सर. चिठ्ठी मन्ही व्हती, पन डिंक तुम्हना. मी त दोरा बांधस."

"मग बोलला का नाहीत, आबा?"

"तुम्हनी नोकरी कच्ची व्हती. मन्ही पक्की."

मग त्यांनी पिशवीतली बाटली काढली. चिठ्ठीला दोरा होता. तशीच सकाळी कापलेली मुळं, तोच अंगठा, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पेशीविभाजनाच्या चारही अवस्था एका नजरेत उभ्या राहिल्या. मुलांनी बाकं बडवली. प्राचार्यबाईंनी पहिल्या सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर आबांचं नाव लावायचं तिथल्या तिथे जाहीर केलं. एवढ्या टाळ्या मला आयुष्यात पडल्या नाहीत, आणि त्या आबांना पडताना पाहण्यात जे सुख होतं तेही आयुष्यात मिळालं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर आबांनी पडद्याकडे पाठ फिरवून सवयीने सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला, आणि काढून घेतला. "आते दिखत नही," म्हणाले, "तुम्हीच सांगा काय शे."

मी वाकून पाहिलं. मध्यावरची गुणसूत्रं दोन बाजूंना निघाली होती, मधे भिंत अजून पडायची होती. मी मोठ्याने सांगू लागलो, तसा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हळू, सर. वाटणी चालू शे."

ती पेशी सकाळीच थबकलेली. तिला आता काय ऐकू येणार होतं? पण मी आवाज खाली आणला, आणि त्यांच्या कानाशी एकेक पेशी सांगत राहिलो.