न उघडणारं डावं दार

मंडळी, आज सकाळी आर्वीला गेलो होतो. तिथल्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये जुनी अमेरिकन 'ट्रॅव्हलर' मोटार उभी आहे, असं कळलं होतं. खरंच निघाली! पाठीमागची झडप दोन भागांची, अर्धी वर उचलायची, अर्धी खाली पाडायची. आपल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपमध्ये कुणी प्रत्यक्ष पाहिली नसेल.

मालक काका पंच्याऐंशीचे. गाडी विकायची, म्हणून त्यांना साल हवं होतं.

मी मागचं डावं दार ओढलं. हललंच नाही. खुशीत ओरडलो, "एकोणपन्नास-पन्नासचं मॉडेल, काका! यात हे दार कारखान्यातूनच बंद येतं, आतून स्टेपनी लावलेली असते. एक्कावन्नपासून उघडतं."

काका दाराजवळ आले. मग म्हणाले, "कारखान्यातूनच?"

त्यांनी सांगितलं, ही गाडी त्यांच्या घरच्या ड्रायव्हरनं मुंबईहून एकट्यानं चालवत आणली होती. दार उघडेना, तेव्हा काकांच्या वडिलांना वाटलं, यानं वाटेत ठोकली आणि वेल्डिंग मारून आणली.

"बाबानं त्याले पट्ट्यानं मारलं. सारा मोहल्ला पाहून राह्यला होता. तो म्हणे, मी नाई केलं मालक. दुसऱ्या दिवशी विहिरीत सापडला."

निघताना काका म्हणाले, "तुमाले साल विचारलं होतं. दाराचं काऊन सांगितलं? त्याची बायको अजून नाचणगावात आहे, नव्वदीची. तिले सांगू नोका."

फोटो काढलेत, पण टाकवत नाहीत.

परतीची बस नाचणगावला थांबली होती. मी उतरलो नाही. तुम्ही उतरला असता का?