झेंडूच्या माळेमागची वायर

मुलुंडच्या ज्या कारखान्यात मी नेटवर्क सांभाळते, तिथे खंडेनवमीला लेथपासून स्टेपलरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. त्या वर्षी सफाईच्या मावशींनी मॅनेजरसाहेबांच्या केबिनच्या भिंतीवरचा नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र येतात ती पेटी, तीही पुसली आणि तिला झेंडूची माळ घातली. स्विचमधल्या एका वायरचं दुसरं टोक मोकळंच लोंबत होतं. पूजेला ते बरं दिसेना, म्हणून त्यांनी ते शेजारच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचलं.

झालं! वायरची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. आतला एकेक संदेश गोल गोल फिरत वाढत गेला आणि मशिनी, अकाउंट्स, गेटवरचे कॅमेरे, सगळ्यांचीच वाट लागली.

मी वायर शोधून उपटली, काम सुरू झालं. पण तोवर मॅनेजरसाहेबांनी मावशींचं गेटचं कार्ड काढून घेतलं होतं. ‘‘उद्यापासून येऊ नका,’’ म्हणाले. मावशी मानखुर्दहून येतात, त्यांच्या एकटीच्या पगारावर घर चालतं. दाराशी त्या पदर बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. कारण यावर इलाज होता आणि मी तो केलाही होता. त्याला स्पॅनिंग ट्री म्हणतात. एकाच ठिकाणी जायला दोन वाटा दिसल्या की स्विच त्यातली एक आपणहून बंद ठेवतो. पण त्यामुळे सकाळी कॉम्प्युटरवर नेट यायला अर्धं मिनिट लागायचं, म्हणून साहेबांनीच ते बंद करायला लावलं. मी म्हटलं होतं, फक्त कॉम्प्युटरच्या पोर्टांना त्या थांबण्यातून सूट देते, बाकी चालू राहू दे. मशिनींची व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधला त्यांचा स्वतंत्र कप्पा, तीही वेगळी काढू. मिसळणाच्या डब्यात कशा हळद-मोहरीच्या वाट्या वेगळ्या असतात, तसं. त्यावर उत्तर मिळालं, ‘‘जास्त शहाणपणा नको.’’ आणि आता खापर मावशींच्या डोक्यावर!

मी कुणालाही न विचारता लॅपटॉप उघडला, स्पॅनिंग ट्री चालू केलं आणि सगळं स्थिर होईपर्यंत थांबले.

‘‘मावशी, मघाशी लावली तश्शीच लावा ती वायर.’’

‘‘नाय गं बाई, पुन्हा कशाला?’’

‘‘वेड लागलंय का तुला?’’ साहेब ओरडले.

‘‘बंद पडलं तर माझंही कार्ड घ्या, सर.’’

मावशींनी डोळे मिटून टोक खोचलं. त्या पोर्टचा दिवा पिवळा झाला आणि तसाच राहिला; स्विचने ती वाट बंद ठेवली होती. बाहेर मशिनींचा आवाज चालूच होता. साहेब दारापर्यंत जाऊन स्वतः बघून आले आणि खुर्चीत बसले.

मी त्यांच्या टेबलावरचं कार्ड उचललं आणि मावशींच्या हातात ठेवलं.

‘‘उद्या रोजच्या वेळेला या,’’ मी म्हटलं. हे सांगायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. साहेबांकडे बघतच सांगितलं.