दुसरं कडवं अक्काताईंचं आहे

मंडळी, माझं तुणतुणं मी स्वतः केलंय. बांबू तासला, कातडं ताणलं, खुंटी मनासारखी बसेना म्हणून तीनदा बदलली. गाण्यांच्या चालीही कुणाकडे न शिकता बांधल्या.

आज सकाळी कसबा बावड्यात सफाई कामगारांच्या मेळाव्यात झाडूवाल्या बायांचं गाणं म्हटलं. एका कंपनीचे साहेब तिथंच ते जाहिरातीसाठी मागायला आले. मी माईकवरूनच ऐकवलं, "माझं गाणं विकाऊ नाही!" टाळ्याच टाळ्या.

नंतर सतरंजी गुंडाळताना अक्काताई जवळ आल्या. रोज रस्ता झाडतात, रविवारी माझ्याकडं गाणं शिकतात.

"मास्तर, दुसरं कडवं मी सांगितलेलं न्हवं?"

"व्हय की."

"मग गाणं माझं बी हाय. मी बी न्हायच म्हणाले असते कदाचित. पर घर माझं गळतंय. इचारायचं हुतं की एकदा."

एक सूर हलला तरी वर्ग थांबवणारा मी, गुंडाळलेली सतरंजी पुन्हा उलगडून गुंडाळू लागलो.

दोघांच्या गाण्याला एकट्यानं नकार देता येतो का हो? मी आज दिला. साहेब देत होते जाहिरातीसाठी, एकरकमी, चाळीस हजार रुपये.