डिंकाच्या पाण्यातलं पॅलेडियम

मी पक्का भित्रा माणूस. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवायला नको. आमचं घर फलटणकडचं, आणि घरातला एक तरी माणूस पलटणीत असणारच. लढाईच्या त्या वर्षांत थोरला भाऊ ब्रह्मदेशाकडे गेलेला आणि चार महिने त्याचं पत्र नव्हतं. मला सांगलीच्या कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले, "कर. पर ती गेली तर घरी यायचं न्हाई, सरळ भरतीला जायाचं. आमच्यात बसून खाणारं कोण झालं न्हाई." वडील थट्टा करत नसत. आई चुलीपाशी पदराने डोळे पुसत होती, ते मी पाहिलं होतं.

म्हणून ती नोकरी मी जिवापाड सांभाळत होतो.

आमच्या सरांचं एकच वेड होतं. धातूची अतिशय बारीक पूड घ्यायची, तिच्या मदतीने एखाद्या पदार्थात हायड्रोजन मुरवायचा, आणि द्रव बदलला की मुरण्याचा वेग किती बदलतो ते पाहायचं. धातू तोच, वायू तोच. कधी पाणी, कधी स्पिरिट. एका नळीत पाणी वर चढे, त्यावरून किती वायू खर्च झाला ते कळे. निकेलच्या पुडीवर आमचे प्रयोग झाले तेव्हा पाण्यात काम रडतखडत चाले आणि स्पिरिटमध्ये नळीतलं पाणी सरसर चढे. ते पाहून मला वाटलं, आपल्याला सगळं समजलं. दीडशहाणा होतो, दुसरं काय!

मग सरांनी पॅलेडियम हा महागडा धातू घेतला. विलायतेहून लढाईआधी आलेली चिमूटभर पूड, दुसरी मिळायची सोय नव्हती. सरांनी तिच्यापासून कॉफीसारखं काळसर पाणी तयार केलं. त्यातले धातूचे कण इतके बारीक, की गाळणकागदातूनही निघून जात. ते एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून पाण्यात बाभळीचा डिंक घातलेला. तो डिंक मीच जतच्या बाजारातून, मेंढरं राखणाऱ्या एका म्हातारीकडून आणला होता. ती म्हणाली होती, "लय चोख हाय, पाण्यात टाकला की इरघळतोय बघ." मी हो हो म्हटलं आणि विसरलो.

सर चार दिवसांसाठी पुण्याला गेले. जाताना म्हणाले, "पाण्यातलं रीडिंग तेवढं घेऊन ठेवा. घाई करू नका."

पाण्यात नळी हलेचना. दुपारचे दोन वाजले, तीन वाजले. मला वाटलं, सर येतील तेव्हा दोन्ही रीडिंगं तयार ठेवली तर शाबासकी मिळेल. बाटलीत उरलं होतं तेवढं सगळं काळं पाणी त्याच भांड्यात ओतलं आणि वर भरपूर स्पिरिट घातलं.

अहो, डोळ्यांदेखत ते पाणी फाटलं! नासलेल्या दुधासारखं. काळ्या चिकट गुठळ्या झाल्या, तळाला बसल्या, वरचं पाणी नितळ. नळी जागच्या जागी. मी भांडं हलवलं, पुन्हा हलवलं. गुठळ्या भांड्याला चिकटून बसल्या.

पुढचे तीन दिवस मी जेवलो की नाही आठवत नाही. भांडं कपाटात मागे ठेवलं आणि दर तासाला कपाट उघडून पाहत होतो. शिपाई बोलवायला आला तरी मी आधी कपाटाकडे पाहायचो. कॉलेजपुढून लष्कराचा ट्रक गेला की वाटायचं, हा आपल्यालाच न्यायला आलाय. भावाचा चेहरा आठवायचा प्रयत्न करायचो आणि तो नीट आठवायचा नाही, याची भीती आणखी वेगळी.

चौथ्या दिवशी सकाळी धीर सुटला. सर दुपारच्या गाडीने येणार होते. निदान घाण तरी त्यांच्या नजरेला पडू नये, म्हणून भांडं पंच्याखाली झाकून मी कृष्णेच्या घाटावर गेलो. धुणं धुणाऱ्या बायका लांब जाईपर्यंत थांबलो, मग भांडं पाण्यात बुडवून आतून बोटांनी खरवडलं. गुठळ्या गेल्या. भांडं लख्ख झालं. त्याचं मला तेव्हा बरंसुद्धा वाटलं.

सर आले ते टोपीही न काढता टेबलापाशी आले. "बाटली रिकामी कशी?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण सगळं खरंच बाहेर पडलं. स्पिरिट, गुठळ्या, सगळं. बोलताना मी रडत होतो, चांगला चोवीस वर्षांचा घोडा.

सर हसले. खरंच हसले. "एवढंच ना? अहो, स्पिरिटमध्ये डिंक विरघळत नाही. तो खाली बसला आणि धातूला घेऊन बसला. वरचं स्पिरिट ओतून टाकायचं, साधं पाणी घालायचं, थोडा वेळ ठेवायचं. पुन्हा होतं तसं होतं. आणा ते भांडं."

मी जागचा हललो नाही.

"आणा ना."

"सर, मी ते नदीत धुतलं."

त्यांनी टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे पाणी घातलंत तर."

मला कुणी काढून टाकलं नाही. भाऊही पुढे परत आला, एका पायाने लंगडत, पण आला. त्या नोकरीवर मी निवृत्त होईपर्यंत राहिलो. सरांनी मात्र या प्रयोगांची अर्धी भरलेली वही खणात ठेवली आणि इंटरच्या मुलांना शिकवत राहिले. दुसरी पूड त्यांना कधी मिळाली नाही, आणि मला ते एका शब्दानेही कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.