शिंपीमामांचा कोपरा

सिनेगॉगच्या शाळेत पोरांना हिब्रू शिकवणारे शिंपीमामा वाचताना कधी चुकत नसत, असं खुद्द त्यांचंच म्हणणं होतं. चष्मा ही म्हाताऱ्यांची चैन, असंही हे सत्तरीतले तरुण म्हणत.

हिब्रूतली दोन अक्षरं जुळ्या भावांसारखी. एकाचा कोपरा टोकदार, दुसऱ्याचा गोल. कुणी घोळ घातला की मामा टेबल बडवत, “कोपरा! कोपरा चुकला की ‘देव एक’चा ‘देव दुसरा’ होतो, गाढवांनो!”

त्या शनिवारी धर्मग्रंथाची गुंडाळी वाचायची पाळी मामांची होती. भरल्या सभेत त्यांनी मोठ्या रुबाबात देव दुसरा करून टाकला. मोठी माणसं नेहमीच्या भक्तिभावाने पेंगत होती. मागच्या बाकावरून मामांची नात किंचाळली, “आजोबा, कोपरा!”

चाळीस वर्षांची अब्रू वीतभर पोरीने उसवली. पण चुकलेला शब्द पुन्हा वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मामांनी तो वाचला.

दुसऱ्या दिवशी ते चष्मा लावून वर्गात आले.

“बघता काय? हल्लीचे छापखाने अक्षरं फार बारीक काढतात.”

“पण आजोबा, ती गुंडाळी तर हाताने लिहिलेली आहे,” नात म्हणाली.

“बसा खाली, मास्तरीणबाई,” म्हणत मामांनी चष्मा नाकावर नीट बसवला.