भाऊजींच्या शेजारची जागा

माझी थोरली बहीण चर्चमधले कपडे धूत असे. वेदीवरची वस्त्रं, फादरांचे झगे. मेणाचे थेंब ती आधी नखाने खरवडायची, मग वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची. भरतकाम पालथं घालून इस्त्री करायची, म्हणजे फुलं दबत नसत.

टेबलासमोरच्या भिंतीवर संत मोनिकेचं चित्र होतं. तापट नवऱ्याची बायको आणि भरकटलेल्या मुलासाठी वर्षानुवर्षं रडलेली आई. ताईचं घरही तसंच. बापलेकाचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एका भांडणात भाचा घर सोडून दूरच्या शहरात गेला, तो बापाच्या मातीलाही आला नाही. ताई इस्त्री करताकरता चित्राशी बोलायची.

"तुझा लेक बिशप झाला, बाई. माझ्याला तेवढं नको करूस. नुसता चहाला आला तरी पुरे."

भाऊजींना पुरलं तेव्हाच तिने शेजारची जागा स्वतःसाठी राखून ठेवली होती. कबरस्तानाच्या भिंतीच्या आत तेवढी एकच उरली होती. जन्मभर त्यांची बोलणी खाल्लीस, आता तिथेही शेजार हवा का, असं मी चिडवलं की म्हणायची, दुसरं कोण सहन करणार त्यांना.

शेवटी भाच्याचा निरोप आला, येतो म्हणून. ताईने खोलीचे पडदेसुद्धा खळ घालून कडक केले. भाचा इमारती रंगवायचा. निघायच्या आदल्याच दिवशी तो परांचीवरून पडला. घरी आली ती शवपेटी.

फादर म्हणाले, भिंतीबाहेर नवी जमीन घेतली आहे, तिथे पुरता येईल. अजून तिथे कोणालाच पुरलं नव्हतं.

ताई म्हणाली, "त्याला माझ्या जागेत ठेवा."

"आणि तू?" मी विचारलं.

"मोनिकेनेही नवऱ्याशेजारी जागा करून ठेवली होती. मरण आलं परक्या मुलखात. म्हणाली, देह कुठेही ठेवा, वेदीपाशी आठवण काढा म्हणजे झालं." मग म्हणाली, "तिच्याएवढी मी मोठी नाही रे. पण तिकडे त्याला एकट्याला नाही ठेवायची. फार एकटा राहिलाय आधीच."

पेटीवर घालायच्या पांढऱ्या वस्त्राला तिने कोणालाही हात लावू दिला नाही. स्वतःच इस्त्रीला घेतलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हातून कापड करपलं. कोपऱ्यात पिवळा डाग पडला. दुसरं वस्त्र नव्हतं. डागाची बाजू तिने आत दुमडली.

त्यानंतर दर रविवारी ती त्या दोन कबरींपुढे उभी राहायची. प्रार्थना झाली की दटावल्यासारखं म्हणायची, "आता तरी बोला रे एकमेकांशी."

पुढच्या हिवाळ्यात ताई गेली. भिंतीबाहेर तिची एकटीचीच कबर आहे. भिंतीला मध्ये दार नाही, इकडून तिकडे जायचं तर रस्त्यावरून मोठा वळसा पडतो. माझे गुडघे आता दोन्हीकडे नेत नाहीत. मी तिच्याकडे जातो, आणि तिथे उभा राहिलो की वाटतं, ती म्हणत असेल, माझ्याकडे काय आलास, तिकडे जा, ते दोघं काय करतायत बघ.