वेटिंग तीन

बारावीच्या निकालानंतर माझा चान्स किती आहे, हे मला सोडून अख्ख्या नागभीडला माहीत होतं. चान्स म्हणजे उत्तरेकडच्या एका मोठ्या विद्यापीठात खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश मिळण्याचा. तिथे कबड्डीसाठी वेगळा हॉल आहे, खेळाडू मुलींचं वेगळं वसतिगृह आहे, तिथल्या पोरी टीव्हीवर खेळताना दिसतात. जागा मात्र मोजक्याच. आमच्या शाळेतले खेळाचे सर म्हणाले, ‘तुझं झालंच समज.’ ब्रह्मपुरीच्या कॉलेजात क्लार्क असलेला मामा म्हणाला, ‘काई होत नाई. फुकट भाडं घालवशीन.’ दोघंही इतक्या खात्रीने बोलायचे, की ज्याच्याशी शेवटचं बोलणं झालं त्याचंच मला पटायचं. सकाळी सर भेटले की मी बॅग भरायला घ्यायचे आणि संध्याकाळी मामाचा फोन आला की रिकामी करायचे. आई म्हणायची, ‘त्या बॅगेचाच आधी कुठंतरी नंबर लावून दे.’

पहिला घोळ सर्टिफिकेटाचा. धान घरात आलं की आमच्या भागात गावोगावी कबड्डीचे सामने होतात. मी ते शाळेत असल्यापासून खेळत आले. घरात इतके कप जमले आहेत की एकात आई चमचे ठेवते. विद्यापीठाला त्यांचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना हवं होतं ‘मान्यताप्राप्त संघटने’चं राज्य पातळीवरचं सर्टिफिकेट. तसं माझ्याकडे एक होतं. पण संघटना निघाल्या दोन, आणि दोन्हींचं म्हणणं की खरे आम्हीच, ते दुसरे खोटे. मी कोणाकडून खेळले होते, हे मला खेळताना कोणी सांगितलंच नव्हतं. गुडघा तर खराच फुटला होता. अर्जात सर्टिफिकेट जोडलं आणि देवाच्या भरवशावर सोडलं असं म्हणणार होते, पण आमच्या घरात देव नाहीत. बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं तर ते पुस्तक हातात घेऊन उभे, म्हणजे अभ्यासच कर म्हणत असावेत.

दुसरा घोळ नर्सिंगचा. चंद्रपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात माझा नंबर सरळ लागला होता. चांगलं कॉलेज, पुढे नोकरीची बऱ्यापैकी खात्री. आईला तेच हवं होतं. अडचण एवढीच, की प्रवेश पक्का करायचा तर टीसी द्यावी लागणार होती, अस्सल. विद्यापीठालाही अस्सलच लागणार होती. आमच्या घरात टीसी म्हटलं की आधी काळा कोट घातलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, पण ही शाळा सोडल्याच्या दाखल्याची टीसी. ती माणसाला एकदाच मिळते, आणि बाबांचं झेरॉक्सचं दुकान असूनही तिथे झेरॉक्स चालत नव्हती.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. त्यांचं दुकान स्टेशनजवळ, रिझर्वेशनच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर. तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या बाया, पुण्याला कंपनीत लागलेली पोरं, दवाखान्यासाठी नागपूरला निघालेले म्हातारे, सगळे तिकीट काढलं की आधी बाबांना दाखवायला येतात. ‘भाऊ, वेटिंग आली. होईन का?’ बाबा चष्मा कपाळावर चढवतात, तिकीट लांब धरतात आणि निकाल देतात. ‘होऊन जाते.’ नाहीतर, ‘दुसऱ्या गाडीची काढ.’ त्यांचं बहुतेक वेळा खरं ठरतं, त्यामुळे त्यांचा थाट डॉक्टरसारखा. माझ्या बाबतीत मात्र ते गप्प होते. ‘हे माह्या लाइनचं काम नाई,’ म्हणायचे.

विद्यापीठाच्या ट्रायलला बाबा आणि मी दोघं गेलो. मी जन्मभर मातीत अनवाणी खेळलेली, तिथे मॅट आणि मॅटवर बूट. पहिल्या चढाईला पाय वळवायला गेले तर बूट चिकटून बसला आणि मी एकटीच पडले. कोणी मला धरलंही नव्हतं. नंतर मात्र अंग मोकळं झालं. एका चढाईत तिघींना बाद केलं, तेव्हा कडेला बसलेल्या एका सरांनी शेजारच्याला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं, याचा अंदाज मी परतीच्या सगळ्या प्रवासात लावत बसले. ‘चांगली आहे’ म्हणाले असतील, किंवा ‘चहा सांगा’.

यादी लागली. मी त्यात होते आणि नव्हतेही. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: वेटिंग तीन.

बाबांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि त्यांचा चेहराच बदलला. ‘अगं, तीन? तीन तं होऊनच जाते! काऊन तोंड पाडून बसली?’ आता हे त्यांच्या लाइनचं काम झालं होतं. दुकानात येईल त्याला सांगू लागले, पोरीची वेटिंग फक्त तीन. लोकही मान डोलवायचे. तीन म्हणजे काहीच नाही, आमची तर पंधराची झाली होती. मामासुद्धा नरमला. मला एवढंच कळत नव्हतं, की गाडीतली माणसं तिकीट रद्द करतात कारण कोणाचं लग्न मोडतं, कोणाला ताप येतो. इथे वरच्या पोरी कशाला जागा सोडतील? तरी बाबांचा आवाज ऐकला की बरं वाटायचं. खरं सांगते, त्या दिवसांत माझं वजनही वाढलं.

आठवडाभरात तिनाचे दोन झाले. बाबांनी दुकानात पेढे ठेवले. मग एक. मग ते एकावरच थांबलं. यादी उघडायची, एक. पुन्हा उघडायची, एक. आणि नर्सिंगची शेवटची तारीख आली.

बाबा आणि मी एसटीने चंद्रपूरला गेलो. टीसी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बाबांच्या शर्टाच्या आत. कॉलेजातली प्रवेशाची खिडकी दुपारी बंद होणार होती. बाबा म्हणाले, ‘थांब, एकदा विचारून पाहतो,’ आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन त्यांनी विद्यापीठाला फोन लावला. मी मागेच होते. बाबांची हिंदी आमच्यासारखीच, अर्धी मराठी.

‘साहब, बच्ची का वेटिंग एक है. चार्ट लगने के पहले कुछ होता क्या? नहीं तो आरएसी में डाल दो ना. आधी सीट पे बैठ जाएगी. पतली है.’

पलीकडच्या माणसाला काही कळलं नसावं. बाबांनी पुन्हा सांगितलं, ‘आधी सीट, साहब.’ मला हसू आलं आणि त्याच वेळी इतकं रडू आलं की मी भिंतीकडे तोंड केलं. पलीकडचा माणूस चांगला होता. त्याने सावकाश काहीतरी समजावलं. बाबा ‘हां जी, हां जी’ करत राहिले आणि फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ तो कानालाच धरून उभे होते.

‘काय म्हणते?’ मी विचारलं.

‘म्हणते, इथी अर्धी सीट नसते. अन् एकदा चढलं का सहसा कोणी उतरत नाई. पण उतरूही शकते म्हणते. पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणते.’

‘मंग काय करू?’

त्यांनी पिशवीतून टीसी काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि ती लांब धरून पाहिली. मी वाट पाहत राहिले. होऊन जाते म्हणाले असते, तर मी त्याच पावली घरी परतले असते.

‘मले नाई समजून राह्यलं, बेटा,’ ते म्हणाले. नागभीडमध्ये कोणालाही त्यांनी हे वाक्य कधी ऐकवलं नसेल. त्यांनी टीसी माझ्या हातात दिली आणि बाकावर जाऊन बसले.

खिडकीपाशी माझ्या पुढे दोन मुली होत्या. त्या गेल्या. मी टीसी आत सरकवली. पलीकडच्या बाईंनी तिचं टोक धरून ओढलं, तरी ती येईना. त्यांनी वर पाहिलं.

‘सोडा की,’ त्या म्हणाल्या.

मी मागे बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

मी सोडली.